बफर ओव्हरफ्लोचं प्रॅक्टिकल नीट कसं घ्यावं: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बफर ओव्हरफ्लो म्हणजे मेमरीतल्या ठरावीक जागेत (बफरमध्ये) मावणार नाही एवढा मजकूर ओतून शेजारच्या मेमरीवर लिहिणं. इंजिनिअरिंगच्या सिक्युरिटी लॅबमध्ये त्याचं प्रॅक्टिकल बहुतेक एकाच तऱ्हेनं फसतं. पहिला तास व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) चालू करण्यात जातो. दुसऱ्या तासात सर फळ्यावर कमांड लिहितात आणि मुलं त्या टाइप करतात. दोघातिघांच्या स्क्रीनवर काहीतरी होतं, बाकीच्यांच्या स्क्रीनवर नुसतं ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे प्रोग्राम कोसळल्याचा संदेश. मग ज्याचं चाललं त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आणि सगळ्या जर्नलमध्ये तोच चिकटतो. ओरलला एक्स्टर्नल विचारतात, ‘एनएक्स चालू असताना हे चाललं असतं का?’ (एनएक्स म्हणजे डेटाच्या मेमरीत ठेवलेला कोड चालू न देणारं संरक्षण.) उत्तर कोणाकडेच नसतं.

दोष मुलांचा कमी, प्रॅक्टिकलच्या मांडणीचा जास्त. सगळी संरक्षणं एकदम बंद करून एकदा हल्ला दाखवला, तर कोणतं संरक्षण नेमकं काय अडवतं हे कळायला वावच राहत नाही. म्हणून इथला क्रम वेगळा आहे. संरक्षणं एकेक करून चढवायची, एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलाआधी अंदाज लिहून घ्यायचा. लेख शिकवणाऱ्यांसाठी आणि लॅब असिस्टंटसाठी आहे. स्वतः करून बघणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो चालेल, पण पहिला टप्पा गाळू नका.

प्रॅक्टिकल दोन तासांच्या एका स्लॉटमध्ये बसत नाही. दोन स्लॉट धरा.

## टप्पा १: परवानगी आणि हद्द, दोन्ही कागदावर

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं, तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सगळी मेख ‘परवानगी’त आहे, आणि तोंडी परवानगी वेळ आली की कोणालाच आठवत नाही.

एचओडींच्या सहीचं अर्धं पान पुरतं. कोणती लॅब, कोणत्या तारखा, कोणती मशीन, आणि हल्ला फक्त आपण दिलेल्या व्हीएममधल्या आपण लिहिलेल्या प्रोग्रामवरच होईल, एवढं त्यात असावं. विद्यार्थ्यांकडून एका ओळीचं हमीपत्र घ्या: इथे शिकलेलं कॉलेजच्या वायफायवर, पोर्टलवर किंवा दुसऱ्याच्या मशीनवर वापरणार नाही. हा सोपस्कार वाटेल. पण मुलांनी तो वाचून सही करावी म्हणून पाच मिनिटं थांबा. नुसती पानं फिरवून सह्या गोळा केल्या तर त्याचा उपयोग नाही.

खबरदारी: ‘आम्ही फक्त शिकत होतो’ किंवा ‘हेतू चांगला होता’ हा बचाव संशोधनातही टिकत नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलला मुद्दाम दोष ठेवलेले पॅच (कोडमधले बदल) पाठवले. तपासणारे ते पकडतात का, हे त्यांना बघायचं होतं. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल स्वीकारणं थांबवलं आणि परिषदेनं स्वीकारलेला शोधनिबंध लेखकांना मागे घ्यावा लागला. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

## टप्पा २: व्हीएम आधी तयार, आणि सगळ्यांची एकच

बहुतेक प्रॅक्टिकलं इथेच मार खातात. जीसीसी या सी कम्पायलरची आवृत्ती बदलली की स्टॅकची (फंक्शनची चलं आणि परतीचा पत्ता, म्हणजे फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं ती जागा, जिथे राहते त्या मेमरीची) मांडणी बदलते आणि बफरपासून परतीच्या पत्त्यापर्यंतचं अंतर बदलतं. एकाकडे चाललेले आकडे दुसऱ्याकडे चालत नाहीत. त्यामुळे ‘ज्याच्या मशीनवर जे लिनक्स असेल ते’ हे धोरण इथे चालणार नाही.

१. एक उबुंटू व्हीएम बनवा. जीसीसी, जीडीबी हा डीबगर, पायथॉन ३ आणि बाइट दाखवणारं एक्सएक्सडी आधीच टाकून ठेवा. प्रॅक्टिकलच्या दिवशी इंटरनेट नसणार हे गृहीत धरा, कारण पुढच्याच पायरीत आपण ते तोडणार आहोत.

२. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएमचं नेटवर्क कार्ड ‘नॉट अटॅच्ड’ करा. या प्रयोगाला नेटवर्क लागतच नाही. नेटवर्कवरचं प्रॅक्टिकल पुढे घ्यायचं असेल तेव्हा ‘इंटर्नल नेटवर्क’ वापरा. ‘ब्रिज्ड’ कधीही नको, कारण त्यात व्हीएम थेट कॉलेजच्या नेटवर्कवर जाऊन बसते.

३. शेअर्ड फोल्डर आणि शेअर्ड क्लिपबोर्ड बंद करा. क्लिपबोर्ड बंद ठेवण्याचं आणखी एक कारण आहे: कॉपी-पेस्ट थांबतं.

४. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या, त्याला नाव आणि तारीख द्या.

५. फाइल पेनड्राइव्हनं सगळ्या मशीनवर आदल्या दिवशी टाका. वीस मशीनवर काही जीबीची फाइल चढवायला लागतो तो वेळ प्रॅक्टिकलमधून काढू नका.

मग लॅबमधल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात कमी रॅमच्या मशीनवर व्हीएम चालवून बघा. तिथे चालली की बाकीची काळजी नाही. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर ते आत्ता कळेल. विंडोजवर हायपर-व्ही चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं. त्याचा अर्थ व्हीएम रांगणार.

ॲपलच्या नव्या चिपचे मॅक आणणाऱ्यांना लॅबच्या मशीनवर बसवा. एआरएम प्रोसेसरवर परतीच्या पत्त्याची जागा आणि वाट दोन्ही वेगळी असते. इथली आकडेमोड तिथे लागू पडत नाही, आणि त्या मुलाला समजावण्यात अख्खी बॅच थांबते.

स्वतः व्हीएम बनवायला वेळ नसेल तर सिरॅक्यूज विद्यापीठाच्या वेनलियांग डू यांच्या सीड लॅब्जची तयार व्हीएम आणि सराव मोफत मिळतात. ते चांगले आहेत. पण जसेच्या तसे घेऊ नका. त्यांची उत्तरं नेटवर शेकड्यानं पडलेली आहेत, आणि मुलांना ती तुमच्याआधी सापडतात.

तपासणी: व्हीएम चालू करून ब्राउझर उघडा. एकही पान उघडता कामा नये.

## टप्पा ३: दोषी प्रोग्राम तुम्ही लिहा

रूट शेल (सर्वाधिकार देणारी कमांडची खिडकी) मिळवण्याचा मोह पहिल्या प्रयोगात टाळा. शेलकोड (हल्लेखोरानं घुसवलेला कोड), सेट-यूआयडी (मालकाच्या अधिकारानं प्रोग्राम चालवण्याची सोय), डॅश शेल स्वतःहून अधिकार खाली उतरवतो ती भानगड, हे सगळं एकदम आलं की मुद्दा हरवतो. शिकवायचं ते एवढंच: परतीचा पत्ता बदलला की प्रोग्राम कुठेही नेता येतो. त्यासाठी त्याच प्रोग्राममध्ये कोणीही न बोलावलेलं एक फंक्शन ठेवा. ते ‘पोहोचलो’ एवढंच छापेल. तिथे पोहोचलं की हल्ला यशस्वी.

रचना अशी ठेवा. मेन फंक्शन एका फाइलमधून बाइट वाचतं आणि ते आधी शून्यानं भरलेल्या एका मोठ्या ॲरेत ठेवतं. मग ते ‘नक्कल’ नावाच्या वेगळ्या फंक्शनला बोलावतं, आणि ते एसटीआरसीपीवाय (strcpy, जागा न तपासता मजकूर उतरवणारं फंक्शन) वापरून सगळं एका छोट्या बफरमध्ये ओततं. दोष तिथे आहे.

इथल्या चार गोष्टी वरवर किरकोळ वाटतात, पण चारही गोष्टी प्रॅक्टिकल बुडवतात.

बफर मेनमध्ये ठेवू नका. कोणी ३२ बिटमध्ये कम्पाइल केलं, तर जीसीसी मेनच्या सुरुवातीला स्टॅक सरळ करायला जास्तीचं काम करतं आणि परतीची वाट भलतीकडून जाते. मुलं तासभर चुकीचा पत्ता बदलत बसतात.

‘पोहोचलो’ छापायला प्रिंटएफ वापरू नका. परतीचा पत्ता बदलून आत शिरल्यावर ६४ बिटमध्ये स्टॅक १६ बाइटच्या हद्दीवर हवा तसा बसलेला नसतो. काही लायब्ररी फंक्शनं त्यामुळे आतल्या आत कोसळतात. मूल बरोबर पोहोचलेलं असतं, पण स्क्रीनवर सेगमेंटेशन फॉल्टच दिसतो. थेट राइट हे फंक्शन वापरा.

दुसरं कारण बफरिंगचं. आउटपुट जर्नलसाठी फाइलमध्ये वळवलं की प्रिंटएफचं लिखाण मेमरीत साठून राहतं, आणि प्रोग्राम कोसळला की ते गेलं. टर्मिनलवर दिसतं, फाइलमध्ये नाही. मग ‘मॅडम, आत्ता तर आलं होतं’ सुरू होतं. राइट हे साठवत नाही.

‘पोहोचलो’नंतर लगेच प्रोग्राम संपवा. त्यासाठी अंडरस्कोअर-एक्झिट वापरा. नाहीतर फंक्शन परत कुठे जायचं ते शोधायला जातं आणि कोसळतं. यशस्वी हल्ल्यानंतरचा क्रॅश पाहून मुलं बरोबर उत्तर पुसून टाकतात.

प्रत्येकाला वेगळा बफर द्या, पण १६ च्या पटीत. आकार रोल नंबरवरून ठरवणं चांगलं, म्हणजे उत्तर उतरवता येत नाही. मात्र ‘४० अधिक रोल नंबर’ असं केलंत तर कम्पायलर आकार १६ च्या पटीत वर नेतो आणि शेजारी बसलेल्या पाचदहा जणांचं अंतर एकच येतं. ‘३२ अधिक १६ गुणिले रोल नंबर’ केलं की प्रत्येकाचं अंतर वेगळं.

## टप्पा ४: सगळी संरक्षणं बंद करून पायाभूत बिल्ड

आता जीसीसीला चार गोष्टी सांगायच्या: स्टॅक प्रोटेक्टर (परतीच्या पत्त्याआधी ‘कॅनरी’ ही पहाऱ्याची किंमत ठेवून ती बदलली का ते तपासणारं संरक्षण) नको, स्टॅकवरचा कोड चालवायची मुभा हवी, पीआयई (प्रोग्राम मेमरीत कुठेही चढवता येईल अशी रचना) नको, आणि ऑप्टिमायझेशन शून्य. डीबगची माहिती घालणारा जी पर्यायही जोडा. पर्यायांची पूर्ण यादी प्रत्येकाच्या टेबलावर छापील कागदावर असू द्या.

एएसएलआर (मेमरीतले पत्ते दर वेळी हलवणारं संरक्षण) बंद करायला बहुतेक मॅन्युअलांत कर्नलची रँडमाइझ-व्हीए-स्पेस ही किंमत २ वरून ० करायला सांगतात. त्यात दोन तोटे आहेत. एक, अख्ख्या व्हीएमचं संरक्षण जातं. दोन, रीबूट झालं की किंमत मुकाट्यानं पुन्हा २ होते. लाइट गेली, मशीन परत सुरू झालं, आणि मघाशी चाललेलं आता का चालत नाही हे कोणालाच कळत नाही. त्यापेक्षा सेटआर्च कमांड कॅपिटल आर पर्यायासह वापरा. ती फक्त त्या एका प्रोग्रामपुरतं एएसएलआर बंद करते.

तपासणी: बिल्ड झाल्यावर रीडएल्फ या टूलनं प्रोग्राम हेडर बघा. जीएनयू-स्टॅकच्या ओळीत आर, डब्ल्यू, ई (वाचणं, लिहिणं, चालवणं) ही तिन्ही अक्षरं असली तर स्टॅक चालवता येण्याजोगा आहे. ई नसेल तर पर्याय लागलेला नाही. पुढे जाण्याआधी प्रत्येकानं ही ओळ जर्नलमध्ये लिहावी.

## टप्पा ५: अंतर मोजा, अंदाज बांधू नका

‘बफर १०० बाइटचा, म्हणजे परतीचा पत्ता १०० वर’ ही सगळ्यात जुनी चूक. कम्पायलर १०० चे ११२ करतो, त्यावर आठ बाइटचा जुना आरबीपी (फंक्शनच्या स्टॅकमधल्या तुकड्याचा पाया दाखवणारा रजिस्टर) असतो आणि त्यानंतर परतीचा पत्ता. म्हणजे साधारण १२०. साधारण हा शब्द इथे महत्त्वाचा. प्रत्येकानं स्वतःच्या बिल्डवर मोजायचं.

१. जीडीबीत ‘नक्कल’ फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावा आणि चालवा.

२. थांबल्यावर लगेच आरबीपी वाचू नका. काही आवृत्त्यांत जीडीबी आरबीपी नव्या जागी बसण्याआधीच थांबतो आणि आधीच्या फंक्शनचा आकडा दाखवतो. एकदा ‘नेक्स्ट’ द्या, मग वाचा. मात्र एसटीआरसीपीवायच्या ओळीपुढे जाऊ नका.

३. आरबीपीतून बफरचा पत्ता वजा करा आणि आठ मिळवा. ते तुमचं अंतर.

४. ‘पोहोचलो’ फंक्शनचा पत्ता छापून घ्या. पीआयई नसल्यामुळे तो जीडीबीत आणि बाहेर एकच असतो.

हा चौथा मुद्दा या रचनेचा मोठा फायदा आहे. शेलकोड स्टॅकवर ठेवून तिकडे उडी मारण्याच्या पद्धतीत जीडीबी स्वतः लाइन्स आणि कॉलम्स ही दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल घालतो. स्टॅक थोडा सरकतो, आणि जीडीबीत चाललेलं बाहेर चालत नाही. आपल्याला स्टॅकचा पत्ता लागतच नाही, म्हणून ती कटकट नाही.

तपासणी: अंतर बरोबर आहे का ते पाहायला तेवढी ‘ए’ अक्षरं आणि त्यापुढे सहा ‘बी’ अशी फाइल द्या. प्रोग्राम जीडीबीत चालवा. कोसळल्यावर स्टॅकच्या टोकाशी किंवा आरआयपीत (पुढची सूचना कुठे आहे ते दाखवणाऱ्या रजिस्टरमध्ये) फक्त ४२ चे, म्हणजे ‘बी’च्या हेक्स आकड्याचे, जोड दिसले तर अंतर पक्कं. मध्ये ४१ (‘ए’) मिसळलं असेल तर अंतर कमी पडतंय की जास्त होतंय, हे मुलांनाच सांगू द्या.

## टप्पा ६: फाइल बनवणं

काम पाच ओळींचं, पण अर्धी बॅच इथेच अडकते.

पायथॉन ३ मध्ये साध्या प्रिंटनं बाइट छापायचे नाहीत. ८० (हेक्स) च्या वरचा प्रत्येक बाइट यूटीएफ-८ मध्ये दोन बाइट होऊन बाहेर पडतो. पत्त्यातला ९६ हा बाइट सी२ ९६ होतो, पुढचं सगळं सरकतं, आणि कोड कितीही वेळा वाचला तरी चूक दिसत नाही. फाइल बायनरी पद्धतीनं उघडा आणि बाइट्सच लिहा. जुन्या मॅन्युअलांमधल्या कमांड पायथॉन २ साठी लिहिलेल्या असतात. त्या आज अशाच फसतात.

पत्ता उलटा लिहायचा, सगळ्यात खालचा बाइट आधी. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी घाईत चुकतं.

पत्त्यात शून्य बाइट आला तर एसटीआरसीपीवाय तिथेच थांबतं. ६४ बिटमध्ये पत्त्याच्या वरच्या बाइटांत शून्यं असतातच. मग आपला हल्ला चालतो कसा? मूळ परतीच्या पत्त्याचे वरचे बाइटही शून्यच असतात, त्यामुळे खालचे तीन बदलले तरी पुरतं. हा प्रश्न मुलांना विचारा. उत्तर देता आलं तर स्टॅक समजला म्हणायला हरकत नाही. यातूनच आणखी एक गोष्ट निघते: ६४ बिटमध्ये पत्ता फाइलच्या शेवटीच हवा, कारण त्यापुढचं काही आत पोहोचत नाही.

क्वचित एखाद्याच्या फंक्शनच्या पत्त्याचा खालचाच बाइट शून्य निघतो. मग त्याआधी एक रिकामं फंक्शन टाका, पत्ता सरकेल.

तपासणी: एक्सएक्सडीनं फाइल उघडा. एकूण लांबी अंतर अधिक तीन एवढीच असावी. शेवटी ०ए दिसलं तर नवीन ओळ चिकटली आहे.

आता चालवा. ‘पोहोचलो’ आलं तर पहिला स्लॉट इथे संपवा आणि व्हीएमचा दुसरा स्नॅपशॉट घ्या.

## टप्पा ७: संरक्षणं एकेक करून चढवा

खरं प्रॅक्टिकल हे आहे, आणि नेमका हाच भाग वेळ नाही म्हणून गाळला जातो. दुसरा स्लॉट पूर्ण याला द्या.

प्रत्येकाच्या जर्नलमध्ये चार रकान्यांचा तक्ता: काय चालू केलं, माझा अंदाज, काय झालं, का झालं. अंदाजाचा रकाना प्रोग्राम चालवण्याआधी पेननं भरायचा. तुम्ही फिरून त्यावर सही करायची. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नका, नाहीतर मुलं तो मागाहून भरतील.

फक्त एनएक्स. स्टॅकवरचा कोड चालवायची मुभा काढा. बहुतेक जण ‘हल्ला थांबेल’ लिहितात. थांबत नाही. आपण स्टॅकवरचा कोड चालवतच नव्हतो, आपण प्रोग्रामच्याच फंक्शनकडे गेलो होतो. एनएक्स कशाविरुद्ध आहे आणि आधीचाच कोड वापरणारे हल्ले का जन्माला आले, हे इथे दोन मिनिटांत पटतं. व्याख्यानात त्याला तास लागतो.

फक्त एएसएलआर. सेटआर्चशिवाय चालवा. अंदाज पुन्हा चुकतो, हल्ला पुन्हा चालतो. स्टॅक, हीप, लायब्ररी हलल्या. पण पीआयई नसलेला प्रोग्राम स्वतः जागचा हलत नाही, आणि आपलं लक्ष्य त्यातच आहे.

फक्त पीआयई, एएसएलआर बंद. जुना पत्ता चुकतो, म्हणून हल्ला फसतो आणि मुलं ‘पीआयईनं अडवलं’ लिहून मोकळी होतात. थांबवा. जीडीबीत नवीन पत्ता बघायला सांगा. तो पाच पाच पाच असा सुरू होतो, आणि दर वेळी तोच. नवीन पत्त्याचे सहा बाइट टाकले की हल्ला चालतो. पत्ता बदलणं वेगळं आणि पत्त्याचा अंदाज न येणं वेगळं.

दोन्ही एकत्र. आता अडतं. पण एक गोष्ट दाखवून द्या: फंक्शनचा पत्ता छापणारी ओळ टाकून पाच वेळा चालवलं तर शेवटचे तीन हेक्स आकडे दर वेळी तेच राहतात. पान ४०९६ बाइटचं असतं, आणि पानाच्या आतली जागा एएसएलआर हलवत नाही.

फक्त स्टॅक प्रोटेक्टर. ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ असा संदेश येतो. कॅनरी मध्ये आल्यामुळे अंतरही बदललेलं असतं, त्यामुळे ‘अंतर चुकलं म्हणून फसलं’ आणि ‘कॅनरीनं पकडलं’ यात घोटाळा होतो. संदेश वाचायची सवय लावा. नुसता सेगमेंटेशन फॉल्ट म्हणजे कॅनरी नव्हे.

मग कॅनरीची मर्यादा. एका स्ट्रक्चरमध्ये १६ बाइटचं नाव आणि त्याला लागून ‘ॲडमिन’ नावाचा पूर्णांक ठेवा. नावात १७ वं अक्षर टाकलं की ॲडमिन शून्य राहत नाही, आणि कॅनरी जागची हललेलीही नसते. परतीच्या पत्त्याला हात न लावता केलेलं नुकसान तिला दिसत नाही.

फोर्टिफाय (लायब्ररी फंक्शनांत बफरचा आकार तपासणारं संरक्षण). उबुंटूचं जीसीसी हे आपोआप लावतं, पण ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच. शून्यावर कम्पाइल करून ‘फोर्टिफाय निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणारी जर्नलं दर वर्षी येतात. ऑप्टिमायझेशनचा ओ२ पर्याय लावा आणि ‘नक्कल’ फंक्शनला नो-इनलाइन सांगा, नाहीतर कम्पायलर ते मेनमध्येच विरघळवून टाकतो. मग ‘बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड’ दिसेल.

खबरदारी: एका ओळीतून दुसऱ्या ओळीकडे जाताना आधीचं संरक्षण परत बंद केलंय का, ते पाहा. दोन संरक्षणं एकत्र चालू राहिली की तक्त्यातला ‘का’ हा रकाना खोटा ठरतो.

## टप्पा ८: दोष शोधणं आणि दुरुस्त करणं

इथवर आलेला विद्यार्थी प्रोग्राम फोडू शकतो. आता त्यालाच तो दुरुस्त करायला लावा.

ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कम्पायलरचं साधन) लावून कम्पाइल करायला सांगा. तीच फाइल दिली की तो ओळ क्रमांकासकट दोष दाखवतो. मग वरचं स्ट्रक्चरचं उदाहरण त्याला द्या. स्ट्रक्चरच्या आतल्या आत झालेलं उतू जाणं त्याला सहसा दिसत नाही, आणि ‘टूल लावलं, स्वच्छ निघालं’ ही समजूत तिथे मोडते.

दुरुस्तीत नेहमी एकच चूक होते. एसटीआरसीपीवाय काढून एसटीआरएनसीपीवाय टाकतात आणि काम झालं म्हणतात. मजकूर बफरएवढा किंवा मोठा असेल तर हे फंक्शन शेवटचं शून्य लिहितच नाही, आणि पुढची वाचणारी ओळ बफरबाहेर जाते. एसएनप्रिंटएफ वापरा आणि त्यानं परत दिलेला आकडा तपासा. तो बफरच्या आकाराएवढा किंवा मोठा असेल तर मजकूर कापला गेला आहे. कापलेला मजकूर चालेल की नाकारायचा, हे प्रोग्रामचा हेतू बघून ठरवायचं. माझं मत विचाराल तर नाकारावा. अर्धवट कापलेलं फाइलचं नाव हा पुढच्या दोषाचा पाया असतो.

तपासणी: दुरुस्त प्रोग्राम सगळी संरक्षणं बंद करून, टप्पा ४ च्या पर्यायांनी कम्पाइल करा आणि जुनी फाइल द्या. दुरुस्ती खरी असेल तर तिथेही काही घडणार नाही. संरक्षणं चालू ठेवून दुरुस्ती तपासली तर वाचवलं कोणी, हे कळत नाही.

## टप्पा ९: मूल्यमापन

स्क्रीनशॉटला गुण देऊ नका. तक्त्याला आणि ओरलला द्या. ओरलसाठी नेमके प्रश्न ठेवा: तुझं अंतर किती आणि का? एनएक्सनं का अडवलं नाही? बफर १६ बाइटनं वाढवला तर फाइलमध्ये काय बदलशील? शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी, कारण समोर मशीन आहे आणि बदल करून दाखवायला दोन मिनिटं लागतात. ज्यानं उतरवलं आहे तो अंतराच्या आकड्याशीच अडतो.

बॅच संपली की व्हीएम मूळ स्नॅपशॉटवर न्या. मुलांनी पासवर्ड बदललेले असतात.

## टप्पा १०: कोणाला खरा दोष सापडला तर

या प्रॅक्टिकलनंतर एखादा विद्यार्थी फायनल इयर प्रोजेक्टसाठी खऱ्या ओपन सोर्स प्रोग्राममध्ये शोधायला लागतो. चांगली गोष्ट आहे, क्रम मात्र पाळायला लावा.

१. शोध फक्त स्वतःच्या मशीनवर बसवलेल्या प्रतीत. दुसऱ्याच्या चालू सर्व्हरवर ‘फक्त बघतो’ हेसुद्धा नको.

२. दोष ताज्या आवृत्तीत अजून आहे का ते आधी बघायचं. मुलं दोन वर्षं जुन्या पॅकेजवर मेहनत करतात आणि तो कधीच दुरुस्त झालेला असतो.

३. दोष दाखवणारी सगळ्यात लहान फाइल बनवायची. चारशे किलोबाइटची फाइल आणि ‘कोसळतं’ एवढाच मजकूर असलेली मेल कोणी वाचत नाही. आवृत्ती, कम्पाइल करतानाचे पर्याय, सॅनिटायझरचा अहवाल आणि ही छोटी फाइल, एवढं असलं की पुरे.

४. आधी त्या प्रोग्रामच्या सुरक्षेसाठी दिलेल्या खासगी पत्त्यावर कळवायचं. सार्वजनिक इश्यू उघडायचा नाही. उत्तर येत नसेल किंवा कोणाला कळवायचं ते समजत नसेल तर भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे जाता येतं. ही संस्था २०२१ पासून स्वतः सीव्हीई (जाहीर सुरक्षा दोषांची नोंद) क्रमांकही देते.

५. जाहीर कधी करायचं ते कळवतानाच लिहायचं. ९० दिवसांची मुदत बरीच रूढ आहे. मुदतीच्या आत कॉलेजच्या टेक फेस्टमध्ये पोस्टर लावणं म्हणजे मुदत मोडणंच. सबमिशनची तारीख आधी येत असेल तर रिपोर्टमध्ये प्रोग्रामचं नाव झाकायचं आणि एक्स्टर्नलना ते का झाकलं आहे, ते गाइडनं सांगायचं.

कळवणारी मेल विद्यार्थ्यानं स्वतः लिहावी, पण पाठवण्याआधी गाइडनं वाचावी आणि कॉपीत राहावं. त्या मेलमध्ये बक्षिसाची मागणी नको, ‘नाहीतर जाहीर करू’ असा सूर नको. या दोन्ही गोष्टी समोरच्याला खंडणीसारख्या वाटतात, आणि मग उत्तर डेव्हलपरकडून न येता वकिलाकडून येतं.